कोकणातले राजवाडे : कुणाचे, कुणाच्या ताब्यात आणि आत जाता येते का?

सावंतवाडीजवळ आमच्या जुन्या घरात आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या ठेवल्या आहेत. रात्री जेवण आटोपले की पाहुणे ओटीवर येऊन बसतात आणि उद्या काय बघायचे याच्या गप्पा सुरू होतात. किल्ल्यांबद्दल बहुतेकांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. राजवाड्यांबद्दल मात्र तेच तेच प्रश्न येतात. पुन्हा पुन्हा सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचे लिहून काढले.

कोकणात राजवाडे आहेत तरी किती?

राजस्थान डोळ्यांपुढे ठेवून आलात तर हिरमोड होईल. आजही छपरासकट उभे आणि खरोखर राजवाडा म्हणावेत असे ठळक चार : सावंतवाडीचा सावंत-भोसल्यांचा, रत्नागिरीचा थिबा राजवाडा, मुरुडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा आणि पालघरकडे डोंगरात जव्हारचा मुकण्यांचा जयविलास. जव्हार किनाऱ्यावर नाही, पण कोकणातच मोडते आणि ते महादेव कोळी घराण्याचे संस्थान, म्हणून त्याला वगळून चालत नाही. याशिवाय रायगडावर जोती आहेत, जंजिऱ्याच्या आत सिरुलखानाच्या वाड्याच्या उंच पडक्या भिंती आहेत, अलिबागला आंग्र्यांचा वाडा आहे.

गंमत अशी की पहिल्या तिघांची तऱ्हा तीन प्रकारची आहे. सावंतवाडीला घराणे अजून तिथेच राहते. रत्नागिरीला सरकारी संग्रहालय आहे. मुरुडच्या फाटकाला कुलूप. त्यामुळे ‘कोकणातले राजवाडे कोण सांभाळते’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही.

संस्थाने गेली, मग राजवाडे राजांकडे राहिले कसे?

हा प्रश्न नेहमी थोड्या रागाने विचारला जातो. १९४८ मध्ये सावंतवाडी, जंजिरा, जव्हार ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. विलीनीकरणाच्या करारांत दोन बाजू होत्या. राज्यकारभार, खजिना आणि संस्थानची सार्वजनिक मालमत्ता सरकारकडे गेली. राजाची खाजगी मालमत्ता मात्र त्याच्याकडेच राहिली, आणि खाजगी काय नि संस्थानचे काय याच्या याद्या राजाने सादर करायच्या, सरकारने तपासायच्या, असे ठरले. म्हणून संस्थानी काळातली कचेरी, न्यायालय, दवाखाना, शाळा या इमारती सरकारजमा झाल्या आणि राहता राजवाडा घराण्याकडे राहिला. सावंतवाडीत फिरताना हा फरक नुसत्या पाट्यांवरूनही कळतो.

करारात ठरलेला तनखा आणि राजेपणाची मान्यता १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. मालमत्ता मात्र त्या दुरुस्तीने काढून घेतलेली नाही, हे लोक विसरतात. झाले एवढेच, की घर राहिले आणि ते चालवायला येणारा पैसा थांबला. राजवाड्यांच्या आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ मला त्या एका वर्षात दिसते.

मग अजून ‘राजेसाहेब’ का म्हणतात?

कायद्याने पदवी नाही. लोकांच्या तोंडी आहे, आणि तोंड कायद्याने बंद होत नाही. आमच्याकडे शिमग्याला, गणपतीला मान कुणाचा यावरून आजही गावेच्या गावे भांडतात. तिथे राजाला राजेसाहेब म्हणणे फार साधी गोष्ट आहे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात आत काय बघायचे?

इमारत तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातली. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब मिळालेले ते हेच. बांधकाम जांभ्या चिऱ्याचे, समोर मोती तलाव, मागे गर्द झाडी. संध्याकाळी तलावाच्या काठावरून बघाल तर अख्खा राजवाडा पाण्यात उतरलेला दिसतो. फोटोपुरते तेवढे पुरे.

पण आत जा, आणि दरबार हॉलमध्ये घाई करू नका. सिंहासन, जुनी छायाचित्रे, शस्त्रे हे सगळे आहेच. माझे पाहुणे खिळून राहतात ते एका कडेला मान खाली घालून रंगवत बसलेल्या कारागिरांपाशी. ते गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पत्ते. मोगली गंजिफेत ८ रंग आणि ९६ पाने. एका पानावर कारागीर किती वेळ घालवतो ते पाच मिनिटे उभे राहून बघा. कुंचला इतका बारीक, की टोकाला केस आहेत की नाहीत असा संशय यावा. माशाच्या पानावर सहा मासे असतील तर सहाही मासे एका वळणाचे, पण छापल्यासारखे नाहीत. एखाद्याची शेपटी किंचित जास्त वळलेली असतेच.

ही कला जवळजवळ संपली होती. सत्तरच्या दशकात राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी गावातल्या एका वयोवृद्ध चिताऱ्याला शोधून काढले, स्वतः त्याच्याकडे शिकले आणि राजवाड्यातच काम सुरू केले. दिल्लीहून येणारा तनखा बंद झाला त्याच सुमाराची ही गोष्ट. तेव्हा राजवाड्याचा एक भाग कारखाना झाला, आणि माझ्या मते त्यामुळेच तो रिकामा पडला नाही. बाहेर पडल्यावर चितारआळीत चक्कर मारा, लाकडी फळे आणि खेळणी तिथली. मुलांना लाकडी आंबा हातात दिला तर चावायला जातात, तेवढे सांभाळा.

तिथे राहता येते का?

हो. घराण्याने आवारातल्या एका भागात छोटे हॉटेल सुरू केले आहे. मोजक्याच खोल्या आहेत, आधी चौकशी करा. (हे सांगून मी माझेच गिऱ्हाईक घालवतो, हे मला कळते.)

ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत कसा काय आला?

आला नाही, आणला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपायलात आणि मुलींसह बोटीवर चढवले. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. ‘रत्नागिरीच का’ असे विचारणाऱ्याला मी तेव्हाचे रत्नागिरी डोळ्यांपुढे आणायला सांगतो. रेल्वे नाही. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. बाहेरच्या जगाशी संबंध आगबोटीचा, आणि पावसाळ्यात तीही बंद. राजाला ठेवायला तुरुंग बांधायची गरजच नव्हती.

लोकांचा समज असतो की तो आल्या आल्या राजवाड्यात राहायला गेला. तसे नाही. पहिली चोवीस वर्षे तो इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांत राहिला. आज आपण बघतो तो राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे ज्या घराला त्याचे नाव आहे तिथे तो जेमतेम सहा वर्षे होता. १९१९ मध्ये त्याचे दफन रत्नागिरीतच झाले आणि त्याच वर्षी राणी आणि कुटुंबीय ब्रह्मदेशात परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यावरच्या एका मराठी नोकराशी तिचे नाते जुळले होते आणि त्यांना मुलगी होती. ती मुलगी रत्नागिरीच्या गल्लीत मराठी बोलत, साध्या संसारात म्हातारी झाली. तिला पाहिलेली माणसे रत्नागिरीत अजून भेटतात.

इकडे थिबा, तिकडे रंगूनला दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर. इंग्रजांनी दोन राजे अदलाबदल करून पुरले. रंगूनच्या कबरीपाशी जाऊन आलेला एक पाहुणा थिबाच्या कबरीपाशी बराच वेळ नुसता उभा राहिला होता. ती कबर राजवाड्यात नाही, शहरात दुसरीकडे आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

थिबा राजवाडा आज कोण सांभाळते?

तो राज्य संरक्षित स्मारक आहे आणि महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. आत प्रादेशिक संग्रहालय आहे. तीन मजले, उतरती छपरे, लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या, मागच्या बाजूला बुद्धमूर्ती. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवारी ‘फक्त थिबासाठी’ रत्नागिरी गाठू नका. वेळ असेल तर वरच्या सज्जात जा. समुद्र आणि भाट्याची खाडी दिसते, आणि तीस वर्षे एकाच समुद्राकडे बघत बसलेल्या माणसाचे काय झाले असेल याची थोडी कल्पना येते.

मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यात जाता येते का?

नाही. रस्त्यावरून, टेकाडावर दिसतो, झाडांतून कमानी आणि मिनारवजा मनोरे डोकावतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे बांधकाम, खाजगी मालमत्ता, सर्वसामान्यांसाठी बंद. ‘आमच्या ओळखीचा चौकीदार आहे’ म्हणून कुणी आत न्यायला निघाला तर जाऊ नका. दुसऱ्याच्या घरात असे शिरत नाहीत, मग घर केवढेही असो.

मग जंजिरा किल्ला नवाबाचा नाही का?

होता. आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यातले राष्ट्रीय स्मारक आहे. राजपुरीहून होडीने जायचे. सिद्दी सत्ताधीश पूर्वी किल्ल्यातच राहत. पुढे नवाब किनाऱ्यावर मुरुडला आले आणि किल्ल्यातले वाडे ओस पडत गेले. सिरुलखानाचा वाडा बघताना भिंतीतल्या चौकोनी खोबणी बघा. तुळया तिथे होत्या. तुळया गेल्या, मजले गेले, दगड राहिला.

रायगडावर राजवाडा कुठे आहे?

ज्यावर तुम्ही उभे आहात, तो. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला ती राजसदर, राणीवशाचे महाल, अष्टप्रधानांचे वाडे यांची जोती शिल्लक आहेत. वरचे काम लाकडाचे होते. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा केला, आग लागली आणि गड जळाला. गड केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. शिवाय राज्य सरकारने जतन आणि विकासकामासाठी रायगड विकास प्राधिकरण नेमले आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कोकण आणि किनाऱ्यावरचे त्यातले पाच : रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. ‘राजवाडा पुन्हा बांधत का नाहीत’ असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न : कशावरून बांधणार? वरचा मजला कसा होता याचे चित्र कुणाकडे आहे?

डागडुजीचा एवढा बाऊ का करतात?

या प्रश्नावर मी लांबण लावतो, आमच्या घरातही सगळे उठून जातात. पण कोकणातला राजवाडा कळायचा असेल तर छप्पर कळले पाहिजे.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यामुळे मे महिन्यात शाकारणी करायचीच. छपरावर चढायचे, कौले उतरवायची, शेवाळ घासायचे, टिचलेली बाजूला काढायची, वाळवीने पोखरलेल्या रिपा बदलायच्या आणि कौले पुन्हा एकात एक बसवत आणायची. वर्षभरात वांदरांनी त्यावर नाच केलेला असतो, आंब्याची फांदी पडलेली असते. एक कौल सरकले तर काय होते? पहिल्या पावसात वासा भिजतो. वासा भिजला की वाळवी येते. वासा खचला की भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरते, आणि जांभा पाणी पितो. तीन पावसाळ्यांत भिंत फुगते. आमच्याकडे शाकारणीला येणारे आबा म्हणतात, “पयल्या पावसात घर आपणच सांगता, खंय दुखता ता.” ते ऐकायला घरात माणूस हवा, एवढीच अट.

आता हे आपल्या पाच खणांच्या घराचे. राजवाड्याचे छप्पर किती पट मोठे याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय चढणारी माणसे कमी होत चालली आहेत. आबांचा मुलगा गोव्यात हॉटेलात आहे, नातू मोबाइल दुरुस्त करतो.

म्हणून कुठल्याही जुन्या वास्तूत गेलो की मी मालक कोण हे नंतर विचारतो. आधी विचारतो, मे महिन्यात वर कोण चढते? घराणे राहत असेल तर सहसा जूनच्या आधी कुणीतरी चढलेले असते, कारण गळले तर त्यांच्याच अंथरुणावर. सरकारी इमारतीत अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हे सगळे होईतो पाऊस थांबत नाही. बंद घरात तर कोणीच चढत नाही.

सिमेंटने पक्के करून टाकायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्याला कडक होतो, पण सच्छिद्र राहतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो : पाणी आत जाते तसे बाहेरही पडते. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि चिरा आतून भुगा होतो. एका जुन्या वाड्याची (गाव सांगत नाही) मागची भिंत मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. ठेकेदाराने उन्हाळ्यात सिमेंट मारून गुळगुळीत केली, मालक खूश. दुसऱ्या पावसानंतर बोटाने टकटक केली तर पोकळ आवाज आला, आणि गिलाव्याचा पत्राच्या पत्रा हातात आला. मागे लाल पीठ.

जाणकार लोक चुना महिनोन्महिने भिजवतात, मळतात, त्यात गूळ, बेलफळाचे पाणी असे काही काही घालतात. हे करणारा गवंडी मिळणे शाकारणीवाल्यापेक्षा कठीण.

सरकारने सगळे राजवाडे ताब्यात का घेऊ नयेत?

संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करता येते. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा त्यासाठीच आहे. खाजगी मालकी ठेवूनही संरक्षण देता येते. पण जाहीर करणे म्हणजे सांभाळणे नव्हे. राज्याच्या यादीत शेकडो स्मारके आहेत आणि माणसे तुटपुंजी. ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची योजना आहे, तिच्यात संस्था किंवा कंपन्यांना राज्य संरक्षित स्मारकाची देखभाल काही वर्षांसाठी घेता येते. योजना वाईट नाही. फक्त करार वाचताना तिकीटघर आणि उपाहारगृह याआधी छपराचे कलम आहे का, ते बघावे.

राजघराण्यांना करात सवलत मिळते का?

थोडी. माजी संस्थानिकाच्या राहत्या एका राजवाड्याचे वार्षिक मूल्य १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने करमुक्त ठेवले होते. राजवाड्याचा काही भाग भाड्याने दिला तर सवलत तेवढ्यापुरती जाते का, यावर राजस्थानातल्या कोटा संस्थानच्या राजघराण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये निकाल घराण्याच्या बाजूने लागला. पण छप्पर करसवलतीने शाकारले जात नाही.

आतल्या जुन्या वस्तू मालक विकू शकतात का?

देशाबाहेर नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, चित्रे, कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखिते ‘पुरावस्तू’ ठरतात. ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खाजगी माणसाला त्या निर्यात करता येत नाहीत. देशातसुद्धा पुरावस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. तेव्हा ‘संस्थानी तलवार, स्वस्तात’ असे कुणी बाजारात सांगितले तर हसून पुढे चला.

स्मारकाशेजारी माझी जागा आहे. घर बांधता येईल?

केंद्र संरक्षित स्मारक असेल तर २०१० च्या दुरुस्तीनुसार हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा अर्जाशिवाय करू नका. जागा घेण्याआधी मोजून घ्या. दलाल हे सांगत नाही.

फोटो, ड्रोन, लग्नाआधीचे चित्रीकरण?

मोबाइलने फोटो बहुतेक ठिकाणी चालतात. तिपाई लावून किंवा मोठ्या सामानासह चित्रीकरण करायचे तर संरक्षित स्मारकात आधी परवानगी लागते. ड्रोन विचारल्याशिवाय उडवू नका. खाजगी राजवाड्यात तर घरच्यांना विचारायचे, सरळ. सावंतवाडीला कारागिरांच्या डोक्यावर वाकून फोटो काढू नका, त्यांचा उजेड अडतो.

पावसाळ्यात यावे का?

जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, रायगडाच्या वाटा निसरड्या होतात. पण सावंतवाडी आणि रत्नागिरी बघायला माझ्या मते पावसासारखे दिवस नाहीत. तलाव काठोकाठ भरलेला असतो, जांभा भिजून गडद लाल होतो, गर्दी नसते. आत गेलात की एकदा वर बघा आणि एकदा खाली. जमिनीवर कुठे बादली ठेवलेली दिसली तर तिला पाय लावू नका, ती विचार करून बरोबर त्या जागी ठेवलेली असते. आमच्या ओटीवरही एक आहे, झोपाळ्याच्या डाव्या बाजूला. यंदा मे महिन्यात आबांना ताप होता.